समुपदेशन, योग आणि बाहेरची वाट: कोल्हापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, मला साधारण हेच प्रश्न विचारले जातात. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. खाली ज्या माणसांचा उल्लेख आहे त्यांचं गाव, धंदा आणि वय बदललं आहे. तेव्हा हे कोण, ते कोण, असे अंदाज बांधू नका.

तुम्ही डॉक्टर आहात का?

नाही. मानसशास्त्रात एम.ए. केलेली समुपदेशक आणि योगशिक्षिका, एवढीच माझी ओळख. माणसांशी मी बोलते ते बऱ्याचदा खोलीबाहेर, चालता चालता, जोडीला योग आणि श्वासाचं काम. औषध लिहून द्यायचा अधिकार मला नाही. "नुसती झोपेची एखादी गोळी सांगा की ताई" असं कितीही गोड बोलून विचारलंत तरी मी सांगणार नाही.

एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले ते मानसोपचारतज्ज्ञ, औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्यावर उभी आहे, कुणाची खासगी संस्था नव्हे. मी त्या नोंदवहीत नाही, म्हणून माझ्या पाटीवर तो शब्दही नाही. कुणाकडेही जाणार असाल, अगदी माझ्याकडेसुद्धा, तर शिक्षण किती, कुठं झालं, नोंदणी कसली, हे पहिल्या भेटीतच विचारा. रिक्षात बसायच्या आधी आपण भाडं विचारतोच की. या प्रश्नावर चिडणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पतसंस्थेतली बाई या कामात कशी आली?

वसुलीच्या टेबलावरून आले. थकबाकीदार समोर येऊन बसायचा. हप्त्याचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं आणि मग विषय झोपेवर यायचा. रात्री दोनला जाग येते. छातीत धडधडतं. बायकोला सांगितलेलं नाही. जेवण गोड लागत नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे करून ऐकत बसायची, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस हप्ता नसतानाही यायचा. शाखाधिकाऱ्यांना वाटायचं, ही वसुलीला चांगली आहे. खरं तर त्या टेबलावर मला एकच गोष्ट कळत होती: माणसाला बोलायचं असतं, पण त्यासाठी त्याला काहीतरी निमित्त लागतं. पासबुक हे तसं बरं निमित्त होतं.

इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. मानसशास्त्राला तेव्हा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळायचा. माझं बी.कॉम. त्यामुळे आडवं आलं नाही. नोकरी सांभाळत अभ्यास केला. योग त्याआधीच सुरू झाला होता, तोही कंबरदुखीपायी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला दुसरं काय होणार. पुढे मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका केली.

आणि झाडाझुडपांचं म्हणाल तर माझं माहेर राधानगरीकडचं. त्यामुळे जंगलाबद्दल मला शहरी कौतुक नाही. जंगल म्हणजे गवा शेतात शिरून भात तुडवतो ते, आणि पावसाळ्यात पायाला जळवा लागतात ते. पण आजोबा घरात भांडण झालं की एक अक्षर न बोलता बांधावर जायचे आणि तासाभरानं परत यायचे ते निवळून, हेही मी पाहिलेलं आहे.

बोलायचं तर खोलीत बसूनही बोलता येतं. बाहेर कशाला?

काहींना येतं, आणि त्यांच्याशी मी खोलीतच बोलते. पण समोरासमोर खुर्च्या टाकून "बोला" म्हटलं की आपल्याकडचा माणूस आवळतो. नजरेला नजर देऊन मनातलं सांगायची सवय आपल्याला कुणी लावलेलीच नाही. समोर बसवून काय बोलतात? बापाची झडती, गुरुजींची उलटतपासणी, साहेबांचा मेमो. याउलट शेजारी चालताना, दोघांची नजर रस्त्यावर असताना, बोलणं आपोआप येतं. मध्येच गप्प राहिलं तरी ती शांतता अंगावर येत नाही. कुत्रं आडवं आलं, कुणी सायकलवरून घंटी वाजवली, विषय दोन मिनिटं मोडला आणि मग माणूस स्वतःच परत त्यावर आला, असं वारंवार होतं. ज्या विषयावर माणूस स्वतःहून परत येतो तो खरा विषय, असं मी धरून चालते.

श्वासाचं कामही त्यासाठीच. ज्याचे खांदे कानाला टेकलेत आणि श्वास गळ्यापर्यंतच येतोय, त्याला मी पहिल्या भेटीत "तुमच्या विचारांची नोंद ठेवा" म्हणून वही दिली तर ती कोरीच परत येणार. आधी अंग जरा सैल झालं पाहिजे. विचारांवर काम करायच्या पद्धती मी वापरतेच. आरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांच्यापासून चालत आलेल्या, भरपूर तपासलेल्या. माझ्या कामाचा कणा तोच आहे. योग आणि बाहेरची वाट माणसाला त्या कामापर्यंत आणून सोडतात.

म्हणजे हे निसर्गोपचार का? मातीचे लेप, उपवास वगैरे?

ते वेगळं शास्त्र. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेला आश्रम आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या उपचारांसाठी बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी असते. मी लेप लावत नाही, एनिमा देत नाही, आहार लिहून देत नाही. कृपया पोट साफ होत नाही म्हणून फोन करू नका. बरेच जण करतात.

जंगलात नेता का? झाडाला मिठी मारायला लावता का?

मिठीचं आधी सांगते: नाही. कुणाला मारावीशी वाटली तर मुंगळे बघून मारा.

जंगलातही क्वचितच. राधानगरी अभयारण्य साडेतीनशे चौरस किलोमीटरचं आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे आणि गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. ज्याचं मन आधीच बिथरलेलं आहे त्याला गव्याच्या वाटेवर नेण्यात शहाणपण नाही. शिवाय तिथं जायला सुट्टी लागते, गाडी लागते, पैसे लागतात. उपचार असा हवा की मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर करता आला पाहिजे.

म्हणून आम्ही जातो ते विद्यापीठाच्या आवारात, कात्यायनीच्या डोंगराकडे, कळंब्याच्या बाजूला, किंवा ज्याचं शेत आहे त्याच्या बांधावर. एका ताईंबरोबर सगळं काम त्यांच्या गच्चीवरच्या डालड्याच्या डब्यांत झालं. मुलगी गेल्यापासून त्यांनी एका रोपालाही हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही फक्त वाळलेली तुळस उपटली आणि माती मोकळी केली. त्यांनी ढेकळं बोटांनी फोडली, पार पीठ होईपर्यंत. तेवढ्या वेळात त्या चार वाक्यं बोलल्या. त्यातलं एक मुलीच्या नावानिशी होतं. घरात ते नाव कुणी घेत नव्हतं.

याला काही शास्त्रीय आधार आहे, की नुसतं छान वाटतं म्हणून?

आधार आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही.

रॉजर उलरिच या संशोधकाचा १९८४ चा अभ्यास सगळे सांगतात. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. छोटा अभ्यास, पण नेटका. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत चांगली असल्याचं जास्त सांगतात. आता यात गोम अशी, की ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडत असतील. त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यातून ठरत नाही. जपानचं शिनरिन-योकू, ज्याला हल्ली फॉरेस्ट बाथिंग म्हणून इकडे विकतात, ते नाव १९८२ मध्ये तिथल्या वनखात्यानं काढलं. म्हणजे फार प्राचीन वगैरे काही नाही, आणि प्राचीन नसलं म्हणून वाईटही नाही.

श्वासाचं गणित जास्त सोपं आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. वेगस नावाची मज्जातंतू त्यात काम करते. उच्छ्वास लांबवला, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणले, की शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. भ्रामरी म्हणूनच उपयोगी पडते. गुणगुणायचं म्हटलं की श्वास हळूच सोडावा लागतो, दुसरा इलाज नसतो.

आमचं घर पुरात गेलं होतं. आम्हाला नदीच नको वाटते. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न कोल्हापूर, शिरोळ, चिखली, आंबेवाडीकडूनच येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "निसर्गाच्या सान्निध्यात मन शांत होतं" हे वाक्य २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसासमोर उच्चारायला धीर होत नाही. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. जुलै लागला की निम्मा जिल्हा मोबाइलवर "पाणी किती फुटांवर?" बघत असतो.

नदीकाठच्या एका गावातले दादा माझ्याकडे आले ते पुरासाठी नव्हे, चिडचिडीसाठी. बायको घेऊन आली होती. बोलता बोलता कळलं, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ते उठून बसतात, दर अर्ध्या तासानं गोठ्यात बॅटरी मारून येतात, आणि हे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज. घराच्या भिंतीवर पाणी चढल्याची रेघ रंगाखालून अजून दिसते. ती दाखवताना त्यांनी हात खांद्याच्याही वर नेला, आणि तो तिथंच ठेवून बराच वेळ दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

त्यांच्याबरोबर मी नदीपासून सुरुवात केली नाही. आम्ही आधी उंचावर गेलो, जोतिबाच्या रस्त्याला, जिथून नदी लांब एक रेघ दिसते आणि आपण तिच्यापेक्षा वर आहोत हे डोळ्यांना पटतं. मग हिवाळ्यात, पाणी उतरलेलं असताना, शिवाजी पुलावर. मग घाटाच्या पायऱ्यांपर्यंत. मग पहिल्या वळवाला, पुन्हा पुलावर. भीतीच्या गोष्टीजवळ पायरी पायरीनं, माणसाच्या गतीनं जाणं ही मानसशास्त्रातली जुनी, तपासलेली पद्धत आहे. मी फक्त ती पंचगंगेवर वापरली. दर पायरीला थांबायचं, श्वास लांब सोडायचा, आणि "आज एवढंच" म्हणायचा हक्क त्यांचा.

पण त्यांची झोप खरी परत आली ती एका कागदानं. आम्ही बसून लिहून काढलं: ३५ फुटांना काय करायचं, ३९ ला जनावरं कुणाच्या गोठ्यात न्यायची, ४३ व्हायच्या आत म्हातारीला कुठं हलवायचं, सातबारा आणि आधारची पिशवी कुठल्या खुंटीला. हा कागद दाराच्या आत चिकटवला. भीती निराधार नव्हतीच मुळी. नदी खरंच येते. जी भीती खरी आहे तिला नुसता प्राणायाम देणं म्हणजे माणसाची थट्टा आहे. तिला आधी आराखडा द्यावा लागतो.

योगानं डिप्रेशन बरं होतं का? एका बाबांनी कपालभाती सांगितलीय.

सौम्य उदासीत आणि चिंतेत योगाची चांगली मदत होते, इतर उपचारांच्या जोडीनं तर नक्कीच. तीव्र नैराश्यात, जिथं माणूस अंथरुणातून उठत नाही, आंघोळ करत नाही, तिथं "पहाटे पाचला उठून कपालभाती करा" हा सल्ला म्हणजे त्याच्या अपराधीपणात भर. तेही जमत नाही म्हणून तो आणखी खचतो.

कपालभाती उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी करू नये. धडधडीचा त्रास असणाऱ्यांना जोरात श्वास मारल्यावर घाबरल्याचा झटका आल्यासारखं होतं. डोळे मिटून लांबलचक ध्यानही सगळ्यांना मानवत नाही. ज्याच्यावर अत्याचार झालाय त्याला डोळे मिटले की नेमकं तेच दिसतं. मी अशा वेळी डोळे उघडे ठेवायला सांगते, पाठ भिंतीला टेकवायला सांगते, आणि अंगाला हात लावून आसन सुधारत नाही.

जाता जाता एक. पतंजलींनी पहिल्या पादातल्या ३१ व्या सूत्रात चित्त विस्कटल्याच्या खुणा सांगितल्यात: दुःख, दौर्मनस्य, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. चिंतेच्या विकाराची आजची यादी काढून शेजारी ठेवा, बराच मेळ बसतो. पण त्यावरून "आमच्याकडे सगळं आधीच होतं" असं म्हणत सुटू नये. खुणा ओळखल्या होत्या. थायरॉइडची तपासणी तेव्हा नव्हती. ती आज आहे, तर करून घ्या. बी-१२ आणि हिमोग्लोबिनही. थकवा आणि उदासी घेऊन आलेल्या कितीतरी बायकांना मी आधी लॅबमध्येच पाठवते.

पुरुष येतात का?

येतात, पण स्वतःसाठी आलो असं सांगत नाहीत. भावाबद्दल विचारायचंय म्हणून येतात.

पैलवानांचं वेगळंच. गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि पंचविशी-तिशीत आता पुढं काय, असा प्रश्न घेऊन जी मुलं येतात त्यांना शरीराची माझ्यापेक्षा जास्त जाण असते. जोर-बैठकांत दम कसा राखायचा हे तालमीतल्या मातीत वस्तादांनी शिकवलेलं असतं. त्यांना मी श्वास शिकवायला जात नाही, त्यांच्याकडून ऐकते. अडतं ते एकाच ठिकाणी: खासबागेच्या मैदानात हजारो लोकांसमोर हरता येतं, पण घरात आईसमोर रडता येत नाही.

गोळ्या चालू आहेत. योग सुरू केला की बंद करता येतील ना?

ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मी नाही, तुम्ही नाही, आणि तुमच्या आत्याबाई तर नाहीतच. नैराश्यावरच्या बऱ्याच औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडलेलं औषध हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. आणि बरं वाटायला लागल्यावर एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, आजारही उलटतो.

आम्ही आधी देवाचं केलंय. कौल लावला, बाहेरचं बघितलं. चालेल ना?

देवाला जाण्यात मला काहीच अडचण नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढून आल्यावर कुणाला हलकं वाटत असेल तर तो माझ्या दृष्टीनं चांगला दिवस. माझी अडचण देवाशी नाही, मारझोडीशी आहे. भूत उतरवायचं म्हणून मारणं, धुरी देणं, डॉक्टरकडे जाऊ न देणं हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ज्याच्या कानात आवाज येतात, ज्याला लोक आपल्यावर टपलेत असं वाटतं, त्याचं वय बहुधा विशी-तिशीचं असतं, आणि त्या वेळी उपचारांवाचून गेलेला प्रत्येक महिना महागात पडतो. देवाचं करा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांचंही करा.

तुमच्याबरोबर फिरताना कुणी पाहिलं तर?

पाहणारच. कोल्हापूर आहे हे. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला जाऊन ओळखीचं कुणी भेटलं नाही असं कधी झालंय का? म्हणून रंकाळा संध्याकाळी मी टाळतेच. पहिल्या भेटीत आपण ठरवून ठेवतो: कुणी भेटलं तर मी कोण? योगाच्या बाई, बायकोची मैत्रीण, पतसंस्थेतल्या जुन्या मॅडम, जे तुम्हाला सोयीचं. रस्त्यात एरवी भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवेन.

तुम्ही सांगितलेलं माझ्याकडे राहतं. अपवाद दोन. जिवाला धोका असेल तर मी घरच्यांना सांगते, तसं तुम्हाला सांगूनच. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं कळवणं मला बंधनकारक आहे.

कुणाला नाही म्हणता?

आत्महत्येचे विचार पक्के झालेत, आवाज ऐकू येतात, चार दिवस न झोपता माणूस भलत्याच उत्साहात पैसे उडवतोय, रोज भरपूर पिणारा एकदम दारू सोडतोय: यांना मी चालायला नेत नाही, थेट डॉक्टरांकडे पाठवते. दारूचं तर विशेष लक्षात ठेवा. घरात कोंडून सोडवायला गेलं तर फिट येऊन जीव जाऊ शकतो.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाला, मानसोपचार विभाग आहे. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्याला जवळचं रत्नागिरी. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचंच असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फिरवा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. आणि पोलीस केस होईल या भीतीनं विष प्यायलेल्या माणसाला घरात ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरलं जातं. त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

फी किती?

फोनवर सांगते. कमी करून मागायला लाजू नका. "उसाचं बिल आलं की देतो" हेही चालतं, आणि आजवर बहुतेकांनी दिलेलं आहे. पतसंस्थेपेक्षा इथली वसुली चांगली आहे.

मलाही हे काम करायचंय. काय शिकू?

आधी मानसशास्त्र. बाकीचं नंतर. उलट क्रमानं येणारे फार दिसतात: वीकेंडचा हीलिंगचा कोर्स, मग रीट्रीट, मग फ्लेक्स, आणि मानसशास्त्र कधीच नाही.

क्लिनिकल व्हायचं असेल तर आरसीआयनं मान्य केलेल्या संस्थेत पूर्णवेळ हजर राहून शिकावं लागतं. दूरशिक्षणाची एम.ए. त्यासाठी पुरत नाही. मान्य अभ्यासक्रमांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. ॲडमिशनचे पैसे भरण्याआधी ती बघा, एजंटच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्याच्या यादीत आलेत, त्यामुळे पुढच्या काळात नोंदणीशिवाय पाटी लावणं अवघड होत जाईल. आताच शिकत असाल तर कागदपत्रं, इंटर्नशिपचे दाखले जपून ठेवा.

पदवीपेक्षा जास्त शिकवते ती देखरेख. अनुभवी माणसापुढे आपल्या केसेस मांडायच्या, नाव न सांगता, आणि चार गोष्टी ऐकून घ्यायच्या. मी अजूनही महिन्यातून पुण्याला फोन लावून बसते. स्वतः समोरच्या खुर्चीतही काही काळ बसावं. दुसऱ्याला "रडलात तरी चालेल" म्हणायचं आणि आपण दहा वर्षांत कुणासमोर रडलेलो नाही, हे लोकांना कळतं.

योगासाठी आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत, मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत. सवड आणि पैसे असतील तर लोणावळ्याच्या कैवल्यधामला जाऊन राहा. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ मध्ये काढलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू करून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. शंभर वर्षांपूर्वी, या महाराष्ट्रात. योगाबद्दल काहीही ठोकून द्यायच्या आधी ही परंपरा माहीत असावी.

आणि बाहेर माणसं न्यायची तर प्रथमोपचार शिका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखता आलं पाहिजे. घोणस उसात असते आणि आपण बांधावर असतो. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता सरकारी दवाखाना गाठायचा. विजा कडाडताना झाडाखाली उभं राहायचं नाही. वाटेत शौचाला कुठं जाता येईल हे बायकांना आधी सांगायचं. हे शेवटचं कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत आणि निम्म्या बायका त्यापायीच "मला बाहेर नको" म्हणतात.

पगाराची नोकरी सोडून हे? घर चालतं का?

पहिली काही वर्षं चालत नाही. मी नोकरी धरून शनिवार-रविवार काम केलं, शाळांत तासिका घेतल्या, सकाळी योगाचे वर्ग. आजही उत्पन्नाचा मोठा भाग योगवर्गांतूनच येतो. समुपदेशनाला लोक अजून हात आखडता घेतात, दीड तास ऐकून घेतल्यावर "नुसतं बोलायचे पैसे?" असं तोंडावर म्हणणारे भेटतात. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "लोकांची रडगाणी ऐकायला डिगरी लागतीय व्हय?" हल्ली त्याच शेजारणींना माझा नंबर देतात, न विचारता.

पहिल्या दिवशी काय आणायचं? पाऊस असला तर?

चालून चालून नरम पडलेल्या चपला किंवा बूट, पाण्याची बाटली, चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट. नवी कोल्हापुरी घालून येऊ नका, चावते. पोटभर जेवून येऊ नका. तांबडा-पांढरा झाला असेल तर तीन तासांनी या. पहिली भेट खोलीतच होते, साधारण तासाची. बाहेर जायचं की नाही हे त्यानंतर ठरतं. रिपरिप असेल तर छत्री घेऊन चालतो, मुसळधार असेल तर व्हरांड्यात बसतो. पाणी ३९ फुटांवर गेलं की नदीकाठच्या लोकांच्या भेटी मी फोनवर घेते, त्याचे पैसे घेत नाही.